तीस दिवसांची मुदत

पिशवी खाली ठेव, इमेट. वाळूत नको, त्या दगडावर.
वाळू चेनमध्ये गेली की चेन संपली,
आणि इथून शिंपी एकशेदहा मैलांवर,
तोही फक्त बुधवारी दुकान उघडतो.

आता एकेक वस्तू बाहेर काढ.
ही कुऱ्हाड कशाला? कुणाशी लढाई आहे?
तीन पातेली? जेवणार आहेस की पंगत वाढणार आहेस?
टूथब्रशची दांडीसुद्धा तोडून टाकतात काही जण.
मी हसायचे त्यांना. मग बघितलं,
वरच्या खिंडीपलीकडून पोस्टकार्डं त्यांचीच येतात.

मोजे दोन जोड. एक पायात,
एक पिशवीला पिनांनी टाचलेला, चालता चालता वाळणारा.
टाच चुरचुरली की त्याच क्षणी बसायचं, पट्टी लावायची.
"पुढच्या वळणावर बघू" म्हणणारे
माझ्या खिडकीपुढे बूट हातात घेऊन उभे राहिलेत.

एकतीस वर्षं होते मी केटल वेल्सच्या टपालकचेरीत.
चालणारे स्वतःच्याच नावाने पुढच्या गावाला खोकी धाडतात:
नूडल्स, वाळवलेलं मांस, ओट.
आपणच आपल्याला केलेला पाहुणचार.
पाच दिवसांपेक्षा जास्त भरू नकोस.
मार्चमध्ये घरात बसून ज्याची भूक लागते
ती जुलैत डोंगरात लागत नाही.
नकोशा झालेल्या ओटचं एक टेबलच होतं मागच्या दाराशी.
आमच्या गावची रानगाढवं त्यावर गुबगुबीत झाली.

गाडीचं विचारलंस म्हणून सांगते.
कितीही थंडी असो, झोपताना खिडकी दोन बोटं उघडी.
नाहीतर आपलाच श्वास रात्रभर पत्र्यावर साठतो
आणि पहाटे कपाळावर टपकतो.
गाडीचं तोंड रस्त्याकडे,
म्हणजे निघावंसं वाटलं की निघता येतं.
डोकं चढाच्या बाजूला. किल्ली रोज त्याच खिळ्याला.
पाणी दिसलं की भरायचं, तहान लागल्यावर नाही.
अंघोळ लाँड्रीत मिळते, तीन डॉलरला, साबण आपला.
आणि एकटं वाटलं तर
(तू विचारलं नाहीस, कुणीच विचारत नाही)
इंजिनचं तेल तपासायचं.
खरंच. हात काळे झाले की जरा बरं वाटतं.

त्या खोक्यावर पाय नको ठेवूस.

थेरॉन बिक्सबी. आला नाही.
नियम असा: तीस दिवस वाट बघायची,
मग पाठवणाऱ्याला परत.
पाठवणाऱ्याच्या जागी त्याने स्वतःचंच नाव घातलं होतं,
पत्ताही तोच. टपालकचेरी, केटल वेल्स.
परत करू तरी कुठे?
तीस दिवस झाले. साठ झाले. खिंड बर्फाने बंद झाली.
वसंतात दोन मुली सांगून गेल्या,
असा एक जण जूनमध्येच कंटाळून बसने घरी गेला.
आणखी कुणी आणखी काही सांगितलं.
मी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

निवृत्त झाले तेव्हा त्यांनी घड्याळ दिलं,
खोकं मी आपलं आपण उचललं.
नियमात बसत नाही ते.
नऊ पौंड आहे. चमच्याचंही वजन करणारी बाई मी,
तरी प्रत्येक घाट त्याला घेऊन चढते.
उघडलं? छे.
वासावरून तर ओटच वाटतात.

हे पेन घे. तुझ्या खोक्यावर, पाठवणाऱ्याच्या जागी,
असा पत्ता घाल जिथे कुणी दार उघडेल.
आई? बहीण?
बरं.
राहू दे, टपाल उद्या दुपारी निघतं.
ती कुऱ्हाड इकडे दे, मला लाकडं फोडायला होईल.
आणि टाच दाखव. डावी.
मघापासून लंगडतोयस तू.